मार्क चांगले, तरी कॉलेजची मदत बंद! अमेरिकेतला ‘सॅप’चा नियम नेमका आहे तरी काय?

‘सॅप’ म्हटलं की पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांना सॉफ्टवेअर आठवतं. पण अमेरिकेत सरकारी मदतीवर कॉलेज शिकणाऱ्या पोरापोरींना हाच शब्द मेलमध्ये दिसला, की पोटात गोळा येतो. कारण पुढच्या सेमिस्टरची फी कोण भरणार, हे तिथे या शब्दावर ठरतं.

हे सॅप म्हणजे ‘सॅटिसफॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस’. मराठीत सांगायचं तर समाधानकारक शैक्षणिक प्रगती. अमेरिकेचं केंद्र सरकार कॉलेजसाठी जे पैसे देतं, ते पुढेही मिळत राहावेत म्हणून ही प्रगती दाखवावी लागते. नाव ऐकून कुणालाही वाटेल, की पास होत राहिलं म्हणजे झालं. पण तसं नाही. एकाही विषयात नापास न होता, सगळीकडे बी ग्रेड मिळवूनही ही मदत थांबू शकते.

हे कसं होतं, कुणाच्या बाबतीत होतं आणि झालंच तर काय करायचं, ते एकेक करून बघू.

आधी हे पैसे कुठले, ते समजून घेऊ

८ नोव्हेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘हायर एज्युकेशन ॲक्ट’वर सही केली. सही करायला ते टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला, ज्या कॉलेजात स्वतः शिकले होते तिथे गेले होते. घरची परिस्थिती बेताची असलेल्यांनाही कॉलेज परवडावं, हा या कायद्याचा हेतू. आज अमेरिकेत केंद्र सरकारकडून विद्यार्थ्यांना जी मदत मिळते, तिचा बहुतेक भाग याच कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली येतो. तिथे त्याला ‘टायटल फोर’ म्हणतात.

यात मुख्य गोष्टी तीन. पहिली पेल ग्रँट. ही कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळते आणि सहसा परत करावी लागत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. दुसरी, सरकारी शैक्षणिक कर्जं. यात विद्यार्थ्याच्या नावावरचं कर्ज येतं आणि आईवडील मुलासाठी घेतात ते ‘पॅरेंट प्लस’ कर्जही येतं. तिसरी ‘वर्क-स्टडी’, म्हणजे शिकता शिकता करायची ठरावीक नोकरी. या सगळ्यासाठी ‘फॅफ्सा’ नावाचा एकच फॉर्म दरवर्षी भरायचा असतो.

ही मदत अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते. म्हणजे न्यू जर्सी किंवा बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, तिथेच जन्मलेल्या मुलांना हा नियम थेट लागू होतो. विद्यार्थी व्हिसावर भारतातून गेलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

मग ही प्रगतीची अट कुठून आली?

सरकार पैसे देणार, तर समोरचा खरंच शिकतोय का हे बघणारच. १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मदत घेणाऱ्याने समाधानकारक प्रगती दाखवायला हवी, ही अट आली. पुढे तिच्यात बदल होत गेले. आज जे नियम लागू आहेत, त्यांची मुख्य चौकट १ जुलै २०११ पासूनची आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकार फक्त चौकट ठरवतं. त्या चौकटीत राहून प्रत्येक कॉलेज आपापला नियम लिहितं. कॉलेजला सरकारपेक्षा कडक राहता येतं, सैल नाही. त्यामुळे एका कॉलेजातल्या भावाला जे चाललं, ते दुसऱ्या कॉलेजातल्या बहिणीला चालेलच असं नाही. नातेवाइकांचा अनुभव ऐकावा, पण नियम आपल्याच कॉलेजचा वाचावा.

नियम एक, चाळण्या तीन

पहिली चाळणी आहे ग्रेडची. तिथे गुण चारपैकी मोजतात, त्याला जीपीए म्हणतात. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १ आणि एफ म्हणजे शून्य. दुसऱ्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याची सरासरी किमान सी असावी, किंवा पदवी मिळायला जेवढी लागते तिच्याशी जुळणारी असावी, असं सरकार सांगतं. बहुतेक कॉलेजं पदवीसाठी २.० धरतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना साधारण ३.० मागतात.

दुसरी चाळणी आहे वेगाची. तिथला शब्द ‘पेस’. तुम्ही आजवर किती क्रेडिट घेतले आणि त्यातले किती पूर्ण केले, याचं हे प्रमाण. बहुतेक ठिकाणी ते ६७ टक्के लागतं. म्हणजे घेतलेल्या दर तीन क्रेडिटपैकी दोन पूर्ण व्हायला हवेत.

तिसरी चाळणी आहे एकूण मर्यादेची. पदवी मिळायला जेवढे क्रेडिट लागतात, त्याच्या दीडपटीपर्यंतच सरकार मदत करतं. चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. त्याची दीडपट १८०. ६७ टक्के हा आकडाही यातूनच आलाय, कारण १८० पैकी १२० म्हणजे जवळपास ६७ टक्के. या वेगाने गेलात, तर मर्यादा संपता संपता पदवी हातात पडेल, असा हा हिशोब.

आणि मर्यादा गाठेपर्यंत कॉलेज थांबतही नाही. आता उरलेल्या क्रेडिटमध्ये पदवी पूर्ण होणं गणिताने शक्य नाही, हे ज्या दिवशी दिसतं, त्या तपासणीतच मदत बंद होते.

तिन्ही चाळण्यांतून एकाच वेळी पार पडावं लागतं. दोनमध्ये पास आणि एकात नापास म्हणजे नापासच. इथे एटीकेटी नाही.

बी ग्रेड असूनही मदत कशी जाते?

समजा, एक मुलगी नुकतीच कॉलेजला लागली. पहिल्या सेमिस्टरला तिने १५ क्रेडिट घेतले. एक तीन क्रेडिटचा विषय झेपेना, म्हणून मध्येच सोडला. उरलेल्या १२ क्रेडिटमध्ये सगळीकडे बी.

दुसऱ्या सेमिस्टरला पुन्हा १५ क्रेडिट. यात गणित आणि केमिस्ट्री हे चार-चार क्रेडिटचे दोन विषय होते. पहिल्या परीक्षेत दोन्हीकडे कमी गुण पडले. कुणीतरी सल्ला दिला, “एफ लागण्यापेक्षा विषय सोडून दे, जीपीए वाचेल.” सल्ला चुकीचा नव्हता. तिने दोन्ही विषय सोडले. उरले ७ क्रेडिट, त्यातही सगळीकडे बी.

आता वर्षाचा हिशोब करू. तिचा जीपीए बरोबर ३.०. पहिली चाळणी आरामात पार. पण तिने घेतले ३० क्रेडिट आणि पूर्ण केले १२ अधिक ७, म्हणजे १९. प्रमाण निघालं ६३.३ टक्के. हवे होते ६७.

गुणपत्रिकेवर एकही लाल शेरा नाही, तरी सॅपमध्ये ती नापास.

या नियमाची खरी मेख इथे आहे. पहिली आणि दुसरी चाळणी अनेकदा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. अवघड विषय सोडला तर जीपीए वाचतो, पण पेस घसरतो. विषय धरून ठेवला आणि डी मिळवून का होईना पास झालात, तर पेस वाचतो, पण जीपीए खाली येतो. नवख्या विद्यार्थ्याला पहिली बाजू सगळे सांगतात. दुसरी बाजू त्याला बऱ्याचदा मेल आल्यावरच कळते.

कोणता शेरा कुठे मोजतात?

सेमिस्टर सुरू झाल्यावर विषय बदलायला, टाकायला थोडे दिवस मिळतात. या मुदतीत विषय काढला, तर त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. सहसा त्याची नोंदच राहत नाही आणि सॅपमध्ये तो धरला जात नाही.

ही मुदत संपल्यावर विषय सोडला, तर ते ‘विथड्रॉ’. गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ लागतो. त्याचा जीपीएवर परिणाम नाही, पण तो घेतलेल्या क्रेडिटमध्ये मोजतात आणि पूर्ण केलेल्यांत मोजत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या मुलीला नडला तो हाच डब्ल्यू.

‘एफ’ दोन्हीकडे नडतो. जीपीए खाली आणतो आणि क्रेडिटही पूर्ण होत नाहीत.

‘इनकम्प्लीट’ म्हणजे आजारपणामुळे वगैरे काम अर्धवट राहिलं आणि प्राध्यापकांनी मुदत वाढवून दिली. बहुतेक कॉलेजं तो विषय पूर्ण होईपर्यंत अपूर्णच धरतात. काम पूर्ण केल्यावर ग्रेड बदलली, की फायनान्शियल एड ऑफिसला कळवून पुन्हा हिशोब करायला सांगावं.

नापास झालेला विषय पुन्हा घ्यायला सरकारी मदत मिळते. पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घ्यायचा असेल, तर मदत एकदाच मिळते. शिवाय प्रत्येक वेळचा प्रयत्न घेतलेल्या क्रेडिटमध्ये भर घालतो.

दुसऱ्या कॉलेजातून आणलेले आणि नव्या कॉलेजने मान्य केलेले क्रेडिट दोन्ही बाजूंना धरतात, म्हणजे घेतलेही आणि पूर्णही. त्यामुळे पेस सुधारतो. पण तेवढीच दीडपटीच्या मर्यादेतली जागाही खर्ची पडते. दोन-तीनदा कॉलेज किंवा मेजर बदलणाऱ्यांना तिसरी चाळणी अडते ती यामुळे.

सगळेच विषय सोडले तर?

तर प्रकरण आणखी गंभीर होतं. सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटण्याआधी विद्यार्थ्याने सगळेच विषय सोडले, तर त्याला मिळालेल्या सरकारी पैशांपैकी काही भाग परत करावा लागतो. जेवढे दिवस शिकलात, तेवढ्याच दिवसांचे पैसे तुमचे, असा हा नियम. कॉलेज आपल्या वाट्याचे पैसे सरकारला परत करतं आणि अनेकदा तेवढंच बिल विद्यार्थ्याच्या नावावर चढवतं. म्हणजे क्रेडिट गेले, पेस घसरला आणि वर कॉलेजची थकबाकीही लागली. थकबाकी असेल, तर अनेक ठिकाणी पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही.

तपासणी कधी होते?

एका वर्षापेक्षा मोठ्या अभ्यासक्रमांची तपासणी वर्षातून किमान एकदा करावीच लागते. काही कॉलेजं ती दर सेमिस्टरला करतात, काही फक्त वर्षाच्या शेवटी. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो, पण परिणाम मोठा आहे.

जे कॉलेज दर सेमिस्टरला तपासतं, त्याला ‘वॉर्निंग’ देता येते. पहिल्यांदा अट चुकली, तर एक सेमिस्टर मदत चालू राहते. अर्ज करावा लागत नाही. तेवढ्यात गाडी रुळावर आणायची.

जे वर्षातून एकदाच तपासतं, त्याला वॉर्निंग देण्याची मुभाच नाही. तिथे अट चुकली की मदत थांबते.

आपल्या उदाहरणातली मुलगी पहिल्या प्रकारच्या कॉलेजात असेल, तर तिसऱ्या सेमिस्टरला पैसे येतील. तिने १२ क्रेडिट घेऊन सगळे पूर्ण केले, तर ४२ पैकी ३१ होतील, म्हणजे जवळपास ७४ टक्के. विषय संपला. तीच मुलगी, तेच गुण, पण कॉलेज दुसऱ्या प्रकारचं असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या मेलमध्ये मदत थांबल्याचं पत्र पडलेलं असेल.

आणि तो मेल तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर येतो. आईवडिलांना तो दिसत नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार मूल कॉलेजला गेलं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. कॉलेजं सहसा पालकांना परस्पर काही कळवत नाहीत. आपल्याकडे जसं निकालपत्रावर पालकांची सही लागते, तसला प्रकार तिथे नाही. घरी ऑगस्टमध्ये फीचं बिल आल्यावर सगळं उघड होतं, आणि तोवर अपिलाची तारीख निघून गेलेली असू शकते.

अपील : दुसरी संधी कशी मिळते?

मदत थांबली म्हणजे कायमची गेली, असं नाही. बहुतेक कॉलेजांत अपील करता येतं. सरकारी नियमात त्यासाठी कारणं दिली आहेत : जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा दुखापत, आणि इतर विशेष परिस्थिती. या ‘इतर’मध्ये काय बसतं, ते कॉलेज ठरवतं. घरातल्या कुणाचं मोठं आजारपण, घर सोडावं लागणं, अचानक नोकरीचे तास वाढवावे लागणं, अशी कारणं लोक देतात आणि ती ऐकूनही घेतली जातात.

अपिलात दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पहिला, अट का चुकली? दुसरा, आता काय बदललंय, की ज्यामुळे पुढच्या तपासणीत अट पूर्ण होईल?

बहुतेकांचं पत्र पहिल्या प्रश्नातच अडकतं. दोन पानं भरून दुःख लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘मी यापुढे खूप मेहनत करेन’ अशी एक ओळ. वाचणाऱ्याला कळत नाही की बदललं काय. त्यापेक्षा साधं, मुद्द्याचं लिहावं. उदाहरणार्थ : “फेब्रुवारीत वडिलांचं ऑपरेशन झालं. मार्चपासून मी आठवड्याला ३० तास काम करत होते. त्यात गणित आणि केमिस्ट्री सोडावं लागलं. आता वडील कामावर परतले आहेत. मी कामाचे तास १२ वर आणले आहेत. पुढच्या सेमिस्टरला १२ क्रेडिट घेणार आहे आणि गणितासाठी कॉलेजच्या ट्युटोरिंग सेंटरमध्ये नाव नोंदवलं आहे.” सोबत हॉस्पिटलची कागदपत्रं, कामाच्या तासांचा पुरावा आणि ॲडव्हायझरने सही केलेला पुढच्या विषयांचा आराखडा जोडावा. नुसता शब्द आणि जोडीला कागद, यात वाचणाऱ्याच्या दृष्टीने खूप अंतर असतं.

मानसिक आरोग्याचं कारण असेल, तर आपल्या घरांमध्ये ते लिहायला अजूनही संकोच असतो. पण आजारपण म्हणजे आजारपण. समुपदेशक किंवा डॉक्टरचं पत्र जोडता येतं. सगळा तपशील उघड करायची गरज नसते. कोणत्या काळात त्रास होता, त्याचा अभ्यासावर परिणाम झाला आणि आता उपचार चालू आहेत, एवढं पुरतं.

अपील मंजूर झालं, की विद्यार्थी ‘फायनान्शियल एड प्रोबेशन’वर जातो आणि त्याला एका सेमिस्टरची मदत मिळते. त्यानंतर पुन्हा तपासणी. एका सेमिस्टरमध्ये आकडा सुधारणं शक्यच नसेल, तर कॉलेज ‘अकॅडमिक प्लॅन’ आखून देऊ शकतं. समजा कुणी ६० क्रेडिट घेऊन ३० च पूर्ण केले, तर तो ५० टक्क्यांवर आहे. ६७ ला पोचायला त्याला एकही विषय न सोडता आणखी ३१ क्रेडिट लागतील, म्हणजे दोन सेमिस्टरपेक्षा जास्त. अशा वेळी दर सेमिस्टरला ठरलेले टप्पे पाळले, तर एकूण टक्केवारी कमी असूनही मदत चालू राहते.

अपील नाकारलं तर?

तरीही दार बंद होत नाही. कॉलेजात शिकायला सहसा परवानगी असते, फक्त सरकारी पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या खर्चाने थोडे विषय घेऊन आकडा वर आणता येतो. आपल्या उदाहरणातली मुलगी ३० पैकी १९ वर आहे. तिने चार क्रेडिटचा एकच विषय घेतला आणि पूर्ण केला, तरी ३४ पैकी २३ होतात, म्हणजे ६७.६ टक्के. उन्हाळ्याच्या सत्रात हे जमू शकतं. आकडा जमला की ऑफिसला लेखी कळवून पात्रता परत मागायची.

असा हिशोब आधी करून बघावा. कधीकधी वाटतं त्यापेक्षा खड्डा उथळ असतो.

काही गैरसमज, जे महागात पडतात

‘एक वर्ष थांबलो की पाटी कोरी होईल.’ होत नाही. जुने क्रेडिट जुन्याच जागी राहतात. नुसतं थांबल्याने किंवा नुसती फी स्वतः भरल्याने पात्रता परत येत नाही. आकडा सुधारावा लागतो, किंवा अपील मंजूर व्हावं लागतं.

‘त्या सेमिस्टरला मी मदत घेतलीच नव्हती, मग ते कशाला मोजतात?’ मोजतात. मदत घेतली असो वा नसो, सगळे सेमिस्टर हिशोबात येतात.

‘डीनच्या ऑफिसने माझं अकॅडमिक प्रोबेशन उठवलं, म्हणजे झालं.’ नाही. शिक्षणाचं प्रोबेशन आणि मदतीचं प्रोबेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ऑफिसने दिलेली माफी दुसऱ्याला लागू होत नाही.

‘पेल गेली तर गेली, आईबाबा कर्ज काढतील.’ सरकारी पॅरेंट प्लस कर्जालाही विद्यार्थ्याचं सॅप लागतं. मग उरतं खासगी कर्ज, आणि त्याच्या अटी सहसा जास्त कडक असतात.

भारतातून गेलेल्यांचं काय?

एफ-१ व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकन केंद्र सरकारची ही मदत मिळतच नाही, त्यामुळे हा नियम थेट लागत नाही. पण तीच सवय कामाला येते. कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीला आणि असिस्टंटशिपला जीपीएची अट असते. भारतातल्या बँका शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता देण्याआधी निकाल मागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हिसा. एफ-१ वरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. विषय सोडल्याने त्याखाली जाणार असाल, तर आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावीच लागते. नंतर सांगून चालत नाही. तिथे प्रश्न पैशांच्याही पलीकडे जातो.

हा नियम बरोबर आहे का?

यावर अमेरिकेत बरीच वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, करदात्याचा पैसा आहे, शिकणाऱ्यालाच मिळाला पाहिजे. शिवाय पदवी न घेता नुसतं कर्ज वाढत गेलं, तर नुकसान विद्यार्थ्याचंच.

दुसरी बाजू म्हणते, पेल ग्रँट गरजेवर दिली जाते, गुणवत्तेवर नाही. मग ती गुणांवर काढून का घ्यायची? ज्याच्या घरी पैसे आहेत, तो मुलगा पहिल्या वर्षी अडखळला तरी दुसऱ्या वर्षी शिकतच राहतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याला तेच अडखळणं कॉलेजबाहेर काढतं.

ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि लॉरेन शुडे या दोन संशोधकांनी कम्युनिटी कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून यावर अभ्यास केला. त्यात दोन्ही गोष्टी दिसल्या. अट चुकलेल्यांपैकी काही जण शिक्षण सोडून गेले. जे टिकले, त्यांच्या ग्रेड सुधारल्या. म्हणजे नियम काहींना जागं करतो आणि काहींना बाहेर ढकलतो.

नियम वाकवता येतो, हेही दिसलंय. २०२० मध्ये कोविडच्या वेळी ‘केअर्स ॲक्ट’ने कॉलेजांना मुभा दिली, की महामारीमुळे अपूर्ण राहिलेले क्रेडिट पेसमध्ये धरू नयेत. कारण तेव्हा दोष विद्यार्थ्याचा नव्हता, हे सगळ्यांनाच दिसत होतं. एखाद्या घरावर एकट्यावरच संकट येतं, तेव्हा मात्र ते कागदावर सिद्ध करावं लागतं.

आपल्याकडेही मदत आणि प्रगतीची सांगड आहेच. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची ‘सेंट्रल सेक्टर’ शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. फरक एवढाच, की ५० आणि ७५ हे आकडे कुणालाही पटकन कळतात. सॅपचा आकडा स्वतः मांडून बघावा लागतो.

मग विषय सोडण्याआधी काय करायचं?

चार गोष्टी तपासा.

एक, आज कोणती मुदत चालू आहे? ड्रॉपची की विथड्रॉची? एका दिवसाच्या फरकाने डब्ल्यू लागतो.

दोन, हा विषय सोडला तर माझा पेस किती होईल? आजवर पूर्ण केलेले क्रेडिट भागिले आजवर घेतलेले. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तीन, माझं कॉलेज तपासणी दर सेमिस्टरला करतं की वर्षातून एकदा? म्हणजेच वॉर्निंग मिळणार की थेट मदत थांबणार?

चार, विषय धरून ठेवला तर निदान डी किंवा सी मिळेल का? प्राध्यापकांना सरळ विचारा. अनेकदा ते मोकळेपणाने सांगतात.

विषय सोडणं अभ्यासाच्या दृष्टीने बरोबर आहे का, हे ॲडव्हायझर सांगेल. सोडल्यावर पैशांचं काय होईल, हे फायनान्शियल एड ऑफिस सांगेल. ही दोन ऑफिसं एकमेकांशी बोललेली असतील, असं धरून चालू नका. दोन्हीकडे स्वतः जा आणि फॉर्मवर सही करण्याआधी जा. आणि तुमच्या ओळखीत कुणाचं मूल यंदा तिथे कॉलेजला लागलं असेल, तर पहिल्या सेमिस्टरची विथड्रॉची तारीख येण्याआधीच त्याला हे पाठवून द्या.